"मी गोळ्याच घेत नाही, मग मला कसली भीती?"

फोंड्यात औषधाच्या दुकानासमोर परवा पुन्हा ऐकलं: "अँटिबायोटिक घेऊन घेऊन शरीराला सवय लागते. मी घेतच नाही, मग मला कसली भीती?"

सवय शरीराला लागत नाही. औषधाला दाद देत नाहीत ते जंतू, आणि जंतू एकाच पोटात थांबत नाहीत. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे असे प्रकार धडधाकट माणसाच्या आतड्यात महिनोन् महिने गुपचूप राहतात. ना ताप, ना जुलाब. शौचावाटे बाहेर पडतात आणि नीट न धुतलेल्या हातांवरून, नळाच्या तोटीवरून, सोकपिटाजवळच्या विहिरीतून दुसऱ्याच्या तोंडात पोचतात. चवथीला भरलेलं घर आठवा: वीस माणसं, एक संडास आणि नेवऱ्या वळणारे डझनभर हात!

त्याहून चमत्कारिक म्हणजे जंतू औषधाला न जुमानण्याची ही ताकद एकमेकांना देतात, अगदी परजातीलाही. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांतून ती जाते. अशी ताकद देणाऱ्या एनडीएम-१ या जनुकाची पहिली नोंद २००९ची. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या लघवीतल्या क्लेबसिएला नावाच्या जंतूत ते सापडलं, आणि त्याच्याच शौचातल्या ई. कोलायमध्येही.

गोळ्या टाळल्या तर आपल्या पोटात असे जंतू माजायची शक्यता कमी होते, एवढं खरं. पण शिरकाव थांबवतात साबण आणि उकळलेलं पाणी. औषधाला न जुमानणारा जंतूही उकळीत मरतोच.