जुन्या नोटा किती उरल्यात याचा अंदाज

चलनातून गेलेल्या एखाद्या नोटेचे किती नग अजून शिल्लक असतील याचा संग्राहक आणि डीलर लोक जो हिशोब लावतात तो हा अंदाज. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर नाहीतर चोर बाजारात "साहेब, रेअर आहे" म्हणून भाव सांगतात त्यामागे खरंतर हा हिशोब असायला हवा, बहुतेक वेळा नसतो.

छापल्या किती आणि परत आल्या किती, ही वजाबाकी फक्त वरची मर्यादा देते. २०१६च्या नोटबंदीत १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, बाहेर राहिले साधारण १०,७२० कोटी, म्हणजे सगळ्या हजाराच्या धरल्या तरी पावणेअकरा कोटी नोटा आणि पाचशेच्या धरल्या तर त्याच्या दुप्पट. त्यातल्या जळाल्या, भिजल्या, कुजल्या किती ते सोडा, पण ही नोट कोणी रेअर म्हणून विकत असेल तर हसून पुढे जावं. शिवाय २०१७च्या कायद्याने त्या १० पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, संग्रह किंवा अभ्यासासाठी असतील तर २५.

जुन्या नोटांसाठी मग सिरियल नंबर टिपत बसावं लागतं. लिलावाच्या कॅटलॉगमधून एकाच सहीच्या, एकाच प्रकारच्या नोटांचे नंबर लिहायचे. समजा एका यादीत ४०, दुसऱ्या यादीत ४० आणि ८ नंबर दोन्हीकडे आले, तर ४० गुणिले ४० भागिले ८, झाले २००, एवढ्या नोटा शिल्लक असाव्यात असा अंदाज. गोची अशी की विक्रीत फिरणाऱ्या नोटाच परत परत दिसतात, आजोबांच्या कपाटातल्या दिसतच नाहीत, त्यामुळे आकडा कमी येतो. नोटेची अवस्था तपासून दर्जा देणाऱ्या आणि पाकिटात बंद करणाऱ्या ग्रेडिंगवाल्यांच्या आकड्यांचं उलटं, तीच नोट पाकिटातून काढून परत पाठवली तर दोनदा मोजली जाऊ शकते.

आणि गड्डी! कुठल्यातरी तिजोरीतून १०० कोऱ्या नोटा एकदम निघाल्या की २०० चे ३०० होतात, भाव कोसळतो. गेल्या असं वाटलेल्या नोटाही अशाच वर येतात: १९१८ साली लंडनहून मुंबईला निघालेली 'शिराला' बोट जर्मन पाणबुडीने बुडवली, तिच्यातल्या नोटा वाहून किनाऱ्याला लागल्या, बऱ्याचशा गोळा करून नष्ट केल्या तरी काही लोकांकडे राहिल्याच आणि त्यातल्या १० रुपयांच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या. हज यात्रेकरूंसाठी काढलेल्या १९५९च्या हज नोटांचं वेगळंच, त्या भारतात चालायच्याच नाहीत, सौदीत खर्च होऊन बँकांमार्फत परत यायच्या, त्यामुळे घरात पडून राहिलेल्या फारच थोड्या.