शॉर्टवेव्हवरचा जॅझ आणि विलिस कोनोव्हर

नाशिकमधल्या जुन्या रेडिओवेड्यांशी गप्पा मारायला बसलं की अमीन सयानींचं नाव पहिल्या पाच मिनिटांत निघतं. क्वचित एखादा रेडिओवर जॅझ ऐकवणारे अमेरिकी निवेदक विलिस कोनोव्हर यांचं नाव काढतो आणि मग त्याला थांबवणं अवघड होतं. जॅझच्या इतिहासात एकही वाद्य न वाजवता एवढा श्रोता घडवणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

कोनोव्हर यांचा जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. शाळकरी वयातच त्यांचा भयकथाकार लव्हक्राफ्ट यांच्याशी पत्रव्यवहार होता. लिहिण्याची आणि नेमकं विचारण्याची सवय तिथपासूनची. मेरीलँडमधल्या कम्बरलंडच्या छोट्या केंद्रावर निवेदक म्हणून सुरुवात झाली, मग वॉशिंग्टन. गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांनी एकत्र बसायचं नाही, असा तिथल्या क्लबांचा त्या काळचा रिवाज होता. कोनोव्हर यांनी सगळ्यांना एकत्र बसवून मैफली भरवल्या. त्यांच्या कारकिर्दीतलं हे काम मला सगळ्यात मोठं वाटतं.

जानेवारी १९५५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकावर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी श्रोत्यांसाठीच्या रेडिओवर, त्यांचा ‘म्युझिक यूएसए’ सुरू झाला. जॅझच्या तासाला ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचं ‘टेक द ए ट्रेन’ वाजायचं आणि मागून तो खर्जातला, सावकाश आवाज यायचा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही हे ओळखून ते सोपे शब्द वापरत आणि एकेक शब्द सुटा उच्चारत. मॅट्रिकपुरतं इंग्रजी आलेल्या माणसालाही वादकांची नावं वहीत उतरवून घेता येत. राजकारणावर ते बोलत नसत. नोकरीत कायम होण्याऐवजी ते कंत्राटावर राहिले, कारण कोणती तबकडी लावायची हे त्यांना स्वतःच ठरवायचं होतं.

पण हा आवाज खुद्द अमेरिकेत पोहोचतच नव्हता. १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कार्यक्रम मायदेशी ऐकवायला मनाई होती. त्यामुळे १९५९ साली ते वॉर्साला उतरले तेव्हा विमानतळावर चाहत्यांची गर्दी लोटली आणि त्यांच्या स्वतःच्या देशात रस्त्यावर त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

आपल्याकडे काळही या ऐकण्याला अनुकूल होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि शॉर्टवेव्हचा, म्हणजे लघुलहरींचा पट्टा घराघरांत वापरात आला. गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, तिथून खिडकीतून आत घेतलेली वायर, रेडिओचं दरवर्षी पोस्टात भरायचं लायसन. अंधार पडला की लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो मैल दूर उतरतात. म्हणून रात्री काटा केसभर सरकवला तरी नवं स्टेशन लागायचं. खरखर असायची, आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, आणि ऐन सॅक्सोफोनच्या तानेत तो बुडाला की जीव कासावीस व्हायचा.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी जिथे आश्रम काढला, त्या नाशिकच्या कानांना हे संगीत परकं वाटायचं कारण नव्हतं. कोनोव्हर म्हणत की जॅझमध्ये लय, सूर आणि चौकट आधी ठरते. त्या मर्यादेत प्रत्येकाला मोकळीक असते. रागाची बढत ऐकत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे हे संगीत मुंबईपर्यंत आलं: १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक, १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली, सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स वाजवून गेले. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली की व्ही.टी., आणि तिथून रंगभवन चालत जाण्याइतकं जवळ.

पत्रकार म्हणून कोनोव्हर यांचं खरं धन त्यांच्या मुलाखतींत आहे. कलाकाराला प्रश्न विचारून ते गप्प बसत, उत्तर पुरतं येऊ देत. १९५६ ची जॅझ गायिका बिली हॉलिडे यांची मुलाखत त्यासाठी ऐकावी. कोनोव्हर १९९६ मध्ये गेले. त्यांच्या ध्वनिफिती आणि कागदपत्रं नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने जतन केली असून त्यातलं बरंच काही आता इंटरनेटवर घरबसल्या ऐकता येतं.