विंट आणि हेजहॉग: दोन सारखे दिसणारे मार्ग, ब्रेक मात्र वेगवेगळ्या जागी

गर्भाच्या वाढीत पेशी एकमेकींना निरोप देतात ते मोजक्याच मार्गांनी. त्यांपैकी विंट आणि हेजहॉग (निरोप नेणाऱ्या प्रथिनांवरून पडलेली नावे) या दोघांत गल्लत होणे अगदी साहजिक आहे. दोन्हींची ओळख फळमाशीच्या उत्परिवर्तनांतून झाली. दोन्हींत पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारे एक प्रथिन असते, एकात फ्रिझल्ड, दुसऱ्यात स्मूदन्ड, आणि ही दोघे एकाच कुळातली. जीएसके-३ आणि सीके-१ हे किनेजसुद्धा (म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एन्झाइम) दोन्हीकडे तेच. भर म्हणजे निरोप आला नाही तर दोन्ही मार्ग बंदच असतात.

नावांचा इतिहास थोडक्यात. पंख नसलेल्या माशीचे 'विंगलेस' उत्परिवर्तन भारतीय संशोधक आर. पी. शर्मा यांनी १९७० च्या दशकात नोंदवले. उंदराच्या स्तनाच्या गाठींत १९८२ साली सापडलेले इंट-१ हे जनुक त्याचेच भाऊबंद निघाले आणि दोन्ही नावे जोडून 'विंट' झाले. 'हेजहॉग' हे नाव १९८० चे. क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना या उत्परिवर्तनात अळीचे पोट बारीक काट्यांनी भरलेले दिसले. (हेजहॉग म्हणजे आपले साळिंदर नव्हे, तो आकाराने बराच लहान असा वेगळा काटेरी प्राणी आहे.) माणसात विंटची १९ जनुके आहेत, हेजहॉगची फक्त तीन: सॉनिक, इंडियन आणि डेझर्ट.

आता यंत्रणा. विंट नसताना बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीत सतत तयार होते आणि सतत नष्टही होते. एपीसी आणि ॲक्सिन ही दोन प्रथिने त्याला धरून ठेवतात. सीके-१ त्याच्या ४५ व्या जागेच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतो, मग जीएसके-३ ४१, ३७ आणि ३३ या जागांवर. असे खुणावलेले प्रथिन प्रोटिॲसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रात, पूर्ण मोडले जाते. विंट आला की तो फ्रिझल्ड आणि पडद्यावरचेच एलआरपी-६ हे प्रथिन यांना एकत्र आणतो, ॲक्सिन पडद्याकडे ओढले जाते आणि मोडतोड थांबते. साठलेले बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरते आणि डीएनएला चिकटणाऱ्या टीसीएफ या प्रथिनाच्या साथीने जनुके चालू करते.

हेजहॉगमध्ये गोम आहे ती रिसेप्टरमध्ये, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनात. हेजहॉग स्मूदन्डला चिकटतो असे अनेकजण धरून चालतात. तसे नाही. तो चिकटतो पडद्यावरच्या पॅच्ड या दुसऱ्या प्रथिनाला, आणि पॅच्डचे काम स्मूदन्डला दाबून ठेवण्याचे. म्हणजे इथे निरोप कोणाला चालू करत नाही, तो पहारेकऱ्यालाच बाजूला करतो. पॅच्ड हटले की स्मूदन्ड पेशीच्या सिलियमवर, म्हणजे पेशीतून अँटेनासारख्या बाहेर आलेल्या एकुलत्या केसावर, जमा होते आणि जनुके चालू-बंद करणारी ग्ली प्रथिने मोकळी होतात. निरोप नसताना त्यांतल्या ग्ली-३ ला पीकेए (आणखी एक किनेज), जीएसके-३ आणि सीके-१ फॉस्फेट लावतात, पण ते पूर्ण मोडत नाही, छाटले जाते: सुमारे १९० किलोडाल्टनचे ८३ किलोडाल्टन होते. हा उरलेला तुकडा जनुके दाबून ठेवतो. विंटमध्ये माल नष्ट होतो, हेजहॉगमध्ये त्याच मालाचे कुलूप बनते. माझ्या मते हा फरक सगळ्यात आधी शिकवायला हवा.

यातूनच साधा हिशेब निघतो. फ्रिझल्ड गेले तर विंट बंद, पॅच्ड गेले तर हेजहॉग कायमचा चालू.

प्रयोगशाळेत याचा फटका बसतो. हेजहॉगला प्रतिसाद मिळत नाही अशी तक्रार असेल तर आधी पेशींचे सीरम, म्हणजे त्यांना वाढवताना दिलेला रक्तद्रवाचा अंश, बघा. एनआयएच-३टी३ (उंदराच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) पेशी ०.५ टक्के सीरमवर साधारण दिवसभर उपाशी ठेवल्या नाहीत तर पुरेसे सिलियम उगवतच नाहीत. विंटमध्ये चूक वेगळी होते. पेशींना एकमेकींशी जोडणारे बीटा-कॅटेनिन पडद्यालगत मुबलक असते, म्हणून एकूण प्रमाण मोजून काहीच कळत नाही. केंद्रकातले बघावे किंवा विंटने चालू होणारे ॲक्सिन-२ जनुक किती चालू आहे ते मोजावे. हेजहॉगसाठी तीच भूमिका ग्ली-१ बजावते. लिथियम क्लोराइडने जीएसके-३ अडवले तर विंट चालू होतो खरा, पण तेच किनेज ग्लीवरही काम करते, म्हणून त्या निकालावर एकट्याने विसंबू नये.

आजारांत प्रश्न एकच: बिघाड कुठल्या पायरीवर आहे? मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी बिघडलेले असते. तिथे विंट बाहेर पडूच नये म्हणून पोर्क्युपाइन हे एन्झाइम अडवणारे औषध देऊन उपयोग नाही, कारण बिघाड त्याच्या खालच्या पायरीवर आहे. हेजहॉगमध्येही तेच. त्वचेच्या बेसल सेल कर्करोगात बहुधा पॅच्ड गेलेले असते, म्हणून स्मूदन्ड अडवणारे व्हिस्मोडेजिब चालते (अमेरिकेत मान्यता २०१२, रोज १५० मिलिग्रॅम). बिघाड त्याखालच्या, ग्लीला अडवून धरणाऱ्या एसयूएफयू या प्रथिनात असेल तर तेच औषध निष्फळ ठरते.

लहान मुलांच्या मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या वाटणाऱ्या या गाठींचे चार गट पडतात, त्यांत एक विंटचा, एक सॉनिक हेजहॉगचा. विंट गटातली मुले उपचारांना सर्वांत चांगली साथ देतात, ९० टक्क्यांहून अधिक पाच वर्षांपुढे जगतात. हेजहॉग गटाचे भवितव्य मात्र मुलाचे वय आणि टीपी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकाची स्थिती यांवर बरेच अवलंबून असते.

मग स्मूदन्डचे औषध हेजहॉग गटातल्या चिमुकल्यांना सर्रास का देत नाहीत? लांब हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा इंडियन हेजहॉगवर टिकून असते. मार्ग अडवला की ती वेळेआधी बंद होते आणि मुलाची उंची कायमची खुंटते. म्हणून हाडांची वाढ पूर्ण झालेल्या रुग्णांतच हे औषध वापरण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.