रायबोस्विच की आरएनए थर्मामीटर?

दोन्ही जिवाणूंच्या आरएनएमधले, जनुक चालू-बंद करणारे भाग: रायबोस्विच एखादा रेणू किंवा आयन ओळखतो, आरएनए थर्मामीटर तापमान. बी.एस्सी.च्या सूक्ष्मजीवशास्त्रात या दोघांची गल्लत ठरलेली, आणि त्यात मुलांचा दोष फारसा नाही. दोन्ही संदेशक आरएनएच्या (जनुकाची ती प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) सुरुवातीच्या तुकड्यात बसतात. हा तुकडा प्रथिनात उतरत नाही, नुसता घडी घालून पुढच्या जनुकाला थोपवून धरतो. दोघांनाही मदतनीस प्रथिन लागत नाही. शिवाय दोघांची आवडती युक्ती एकच: प्रथिन बनवणारा रायबोसोम जिथे येऊन टेकतो तो शाइन-डालगार्नो क्रम घडीत दडवून ठेवायचा. गाइडातल्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर खालची नावं वाचल्याशिवाय कोणती कुणाची ते कळत नाही.

आकृती बाजूला ठेवून विदर्भातल्याच दोन गोष्टी घेऊ, बोअरचं पाणी आणि सोयाबीनचं बियाणं.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको, हे तिथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण फ्लोराइड जिवाणूंनाही विषारी आहे. ते पेशीत साचू लागलं की अनेक जिवाणू ते बाहेर फेकणारं प्रथिन बनवतात, आणि ते कधी बनवायचं हे एक रायबोस्विच ठरवतो. येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटानं तो २०१२ मध्ये दाखवला. यात एक कोडं होतं. आरएनए ऋणभारित, फ्लोराइडही ऋणभारित. मग एक दुसऱ्याला धरणार कसा? उत्तर असं निघालं की आरएनएच्या घडीत मॅग्नेशियमचे तीन आयन बसतात आणि त्यांच्या मधोमध फ्लोराइड अडकतो. क्लोराइड त्या जागी चालत नाही, तो आकारानं मोठा पडतो.

रायबोस्विचचा सगळा जीव या निवडीत आहे. तो एका ठरावीक रेणूला किंवा आयनाला अंगावर बसवून घेतो आणि त्या पकडीमुळे दोन शक्य घड्यांपैकी एक पक्की होते. २००२ मध्ये सापडलेले पहिले रायबोस्विच जीवनसत्त्वांशी जोडलेले होते. ई. कोलाय या जिवाणूमधला थायमिनचा (जीवनसत्त्व बी-१) रायबोस्विच थायमिन पायरोफॉस्फेटला घट्ट धरतो. तेच थायमिन फॉस्फेटविना आलं तर पकड पार सैल. माल भरपूर आहे, आता कारखाना बंद, असा त्याचा हिशेब. फ्लोराइडचा हिशेब उलटा: विष आलं, पंप चालू. त्यामुळे ‘रायबोस्विच म्हणजे बंद करणारा’ हे पाठांतर सोडून दिलेलं बरं.

आता वावरात या. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशकानंतर रायझोबियमचं जिवाणू संवर्धन चोळून ते सावलीत वाळवायचं, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतात. पाकिटातला तो जिवाणू म्हणजे ब्रॅडीरायझोबियम, मुळांच्या गाठींत राहून हवेतलं नत्र पिकाला देणारा. पेरणी झाली आणि पावसानं ओढ दिली की काळ्या मातीचा वरचा थर चांगलाच तापतो. उष्णतेनं पेशीतली प्रथिनं उलगडून एकमेकांना चिकटू लागतात, आणि त्यांना सावरणारी लहान उष्माघात प्रथिनं लगेच हवी असतात. या प्रथिनांच्या संदेशकाच्या तोंडाशी ‘रोझ’ नावाचा आरएनए थर्मामीटर असतो. १९९० च्या दशकात तो पहिल्यांदा सापडला तो सोयाबीनच्या याच जिवाणूत. ही गोष्ट आमच्या भागातल्या वर्गात अगदी पहिल्यांदा सांगायला हवी. पुस्तकं मात्र लिस्टेरिया या दुसऱ्याच जिवाणूपासून सुरुवात करतात.

थर्मामीटरच्या अंगावर काहीच येऊन बसत नाही. थंडीत गोठलेलं खोबरेल तेल उन्हात ठेवलं की पातळ होतं आणि रात्री पुन्हा गोठतं, तसं हे. ‘रोझ’च्या घडीत शाइन-डालगार्नो क्रमासमोर आरएनएच्या अक्षरांच्या काही जोड्या नेहमीच्या ए-यू, जी-सी अशा पक्क्या नसतात, कच्च्या असतात. तापलं की त्या आधी सुटतात, क्रम उघडा पडतो, रायबोसोम येऊन टेकतो. गारवा आला की घडी पुन्हा मिटते. साल्मोनेलामध्ये सापडलेल्या दुसऱ्या एका प्रकारात चार यू सलग येऊन हेच काम करतात. कॉलऱ्याच्या जिवाणूतही तसाच एक आहे. माणसाच्या पोटातली ऊब लागली की रोगाची जनुकं त्याच्यामुळे जागी होतात.

(यावरून कुणी संवर्धनाचं पाकीट टिनाच्या शेडमध्ये टाकून देऊ नये. हे संरक्षण थोड्या वेळच्या तापाचं आहे. दिवसभर भाजून निघालेल्या पाकिटातला जिवाणू मरतोच.)

परीक्षेत सहसा न विचारला जाणारा, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक वेळेचा आहे. बॅसिलससारख्या जिवाणूंत बरेचसे रायबोस्विच संदेशक लिहिला जात असतानाच निकाल देतात. रेणू बसला तर समाप्तीची घडी पडते आणि लेखन तिथेच तुटतं. तुटलेला संदेश नंतर जोडता येत नाही, म्हणून हा निकाल त्या प्रतीपुरता कायमचा. थर्मामीटर बहुधा पूर्ण लिहून झालेल्या संदेशकावर काम करतो, आणि तोच संदेशक पुन्हा पुन्हा उघडू-मिटू शकतो. अचानक आलेल्या तापाला हे सोयीचं, कारण नवा संदेश लिहीत बसायला वेळ नसतो.

क्रमातही फरक दिसतो. रेणू धरणारा खिसा नेमका लागतो, म्हणून थायमिनच्या रायबोस्विचचा तो भाग जिवाणूंपासून बुरशी आणि वनस्पतींपर्यंत ओळखू येईल इतका सारखा राहिला आहे. थर्मामीटरला फक्त योग्य तापमानाला सुटणारी घडी हवी, ती कितीतरी क्रमांनी जमते. त्यामुळे संगणकावर जीनोम (जिवाणूचा सगळा जनुकीय मजकूर) चाळून थर्मामीटर शोधणं बरंच अवघड जातं.

प्रयोगशाळेत ओळखायचं तर तापमान तेच ठेवून रेणू घाला: घडी बदलली तर रायबोस्विच. काहीही न घालता नुसतं तापवून उघडली तर थर्मामीटर. पण व्हिब्रिओ व्हल्निफिकस या समुद्री जिवाणूचा अ‍ॅडेनिन हा रेणू ओळखणारा रायबोस्विच इथे घोळ घालतो. २०१३ मध्ये दिसून आलं की अ‍ॅडेनिन नसताना त्याच्या दोन घड्या असतात, आणि त्यांतली एक अ‍ॅडेनिनला धरूच शकत नाही. थंडीत ही निरुपयोगी घडी जास्त टिकते, उबेत कमी. या तडजोडीमुळे गार समुद्रातही आणि माणसाच्या शरीरातही स्विच नीट चालतो. म्हणजे तापमानाचा हिशेब त्याच्या आतच आहे. तरी त्याला थर्मामीटर म्हणत नाहीत, कारण जनुक चालू व्हायला अ‍ॅडेनिन यावंच लागतं.