बँटमवेट (मुष्टियुद्ध)

बँटमवेट : मुष्टियुद्धातील एक हलका वजनगट व त्या गटाचे विजेतेपद. व्यावसायिक मुष्टियुद्धात या गटाची कमाल मर्यादा ११८ पौंड (५३.५२ किग्रॅ.) आहे. याच्या खाली सुपर फ्लायवेट (११५ पौंड) आणि वर सुपर बँटमवेट (१२२ पौंड) हे गट येतात. हे दोन्ही शेजारी आजच्या रूपात १९७६ ते १९८० या काळातले आहेत. त्यापूर्वी फ्लायवेट (११२ पौंड) आणि फेदरवेट (१२६ पौंड) यांच्या मधली सारी जागा एकट्या बँटमवेटची होती. अंग भरले आणि ११८ पौंडांत मावेनासे झाले, की मुष्टियोद्ध्याला थेट १२६ पौंडांच्या गड्यांसमोर उभे राहावे लागे. जुन्या विजेत्यांची आजच्यांशी तुलना करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मराठी वाचकांच्या कानांवर हा शब्द मुष्टियुद्धापेक्षा कुस्तीमुळे अधिक पडला आहे. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटातच. परंतु तो मुक्त कुस्तीतील ५७ किग्रॅ. चा गट होता. त्याच स्पर्धेत मुष्टियुद्धाच्या बँटमवेटची मर्यादा ५४ किग्रॅ. होती आणि तिथले सुवर्णपदक फिनलंडच्या पेंटी हॅमॅलायनेनने घेतले. नाव एक असले तरी हे गट वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये.

नावाची व्युत्पत्ती : जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचे बंदर आहे. युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे ‘बँटम’ झाले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तेथे १६०३ मध्ये, म्हणजे सुरतेच्याही आधी, वखार घातली होती.  या बंदरातून गलबतांवर चढलेल्या लहान चणीच्या कोंबड्यांना इंग्रजीत बंदराचेच नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. ही कोंबडी मुळात जावाचीच होती की पूर्वेकडून, कदाचित जपानकडून, तेथे आली होती, याविषयी मतभेद आहेत. बंदराने कोंबडीला नाव दिले, जात दिलीच असेल असे नाही.

कोंबडीचे नाव मुष्टियोद्ध्याला का मिळाले, याबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार बँटम कोंबडा आकाराने लहान असूनही मोठ्याच्या अंगावर धावून जातो, म्हणून हे नाव त्याच्या झुंजारपणावरून आले. दुसऱ्या मतानुसार त्यात केवळ लहानखुरेपणा अभिप्रेत आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शेजारच्या फेदरवेट (पीस) व फ्लायवेट (माशी) या नावांत झुंजारपणाचा मागमूस नाही, फक्त हलकेपणा आहे. फ्लायवेट हे नाव बरेच उशिराचे असल्याने त्याचा पुरावा दुय्यम मानावा लागेल. फेदरवेटचा मात्र तसा नाही.

विजेतेपदाचा आरंभ : पहिला जागतिक बँटमवेट विजेता कोण, या प्रश्नाला एकमताचे उत्तर नाही. उघड्या मुठींनी लढण्याच्या काळात, १८५० च्या दशकात, अमेरिकेच्या चार्ली लिंचला हा मान दिला जाई. हातमोज्यांच्या काळासाठी बहुतेक याद्या कॅनडात जन्मलेल्या जॉर्ज डिक्सनपासून (१८७०–१९०८) सुरू होतात. डिक्सनने जून १८९० मध्ये लंडनला नंक वॉलेसचा पराभव केला. हीच लढत काही संकलक बँटमवेटची, तर काही फेदरवेटची धरतात. याचे कारण माणसांत नसून वजनकाट्यात आहे. त्या काळी मर्यादा ठरवणारी कोणतीही एक संस्था नव्हती. १०५, ११२, ११५ असे वेगवेगळे आकडे बँटमवेटच्या नावाखाली चालत आणि प्रत्येक आकड्यावर कोणी ना कोणी स्वतःला विजेता म्हणवी. डिक्सनला पहिला मानणे तूर्त सर्वांत कमी अडचणीचे ठरते. कोणत्याही खेळातील पहिला कृष्णवर्णीय जागतिक विजेता म्हणून त्याचा उल्लेख होतो. आरंभाची तारीख दोन-चार वर्षे मागेपुढे झाली तरी त्याच्या या स्थानाला धक्का लागत नाही.

डिक्सननंतर पुढे आलेला शिकागोचा जिमी बॅरी एकही लढत न हरता निवृत्त झाला. डिसेंबर १८९७ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये त्याच्याशी लढताना वॉल्टर क्रूट कोसळला आणि दगावला. त्यानंतरच्या बॅरीच्या लढती बहुतेक बरोबरीत सुटल्या. याद्यांमध्ये हे केवळ निकाल म्हणून नोंदले जाते. ते तसे वाचू नये.

वजनमर्यादा : याच क्लबने १९०९ मध्ये आठ वजनगट निश्चित केले आणि बँटमवेट ११८ पौंडांवर स्थिर झाला. व्यावसायिकांत तो आकडा आजही तोच आहे. हौशी मुष्टियुद्धात मात्र तो सतत हलत राहिला : १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये ११५ पौंड, १९०८ मध्ये ११६, १९२० मध्ये ११८, १९४८ पासून ५४ किग्रॅ. आणि २०१२ मध्ये पुरुषांसाठी ५६ किग्रॅ. टोकियोच्या स्पर्धेपासून पुरुषांचा बँटमवेट ऑलिंपिकमधून नाहीसा झाला. पॅरिस २०२४ मध्ये ५४ किग्रॅ. चा गट महिलांसाठी होता व त्यात भारताची प्रीती पवार उतरली होती.

व्यावसायिकांचे वजन आता लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. खेळाडू अंगातील पाणी घटवून काट्यावर उभा राहतो आणि रात्रभरात ते भरून काढतो. त्यामुळे रिंगमध्ये समोरासमोर येणारे दोघे प्रत्यक्षात ११८ पौंडांचे क्वचितच असतात. विजेता काट्यावर मर्यादेपेक्षा जड भरला, तर एकही ठोसा न खाता त्याचे विजेतेपद जाते. लहान अंगाच्या खेळाडूला घटवायला चरबी मुळातच थोडी असते. म्हणून हा प्रकार हलक्या गटांत अधिक धोक्याचा आहे आणि त्याविरुद्धचे नियम याहून कडक हवेत.

प्रमुख विजेते : पनामाचा अल ब्राउन (विजेतेपद १९२९–३५) हा लॅटिन अमेरिकेचा पहिला जागतिक विजेता. त्याची उंची जवळजवळ सहा फूट होती. या वजनात इतका उंच विजेता विरळाच. १९४० च्या दशकावर अमेरिकेच्या मॅन्युएल ऑर्टिझचे वर्चस्व होते.

या गटाचा सर्वांत देदीप्यमान काळ म्हणजे १९६० चे दशक. ब्राझीलच्या एडर जोफ्रेकडून १९६५ मध्ये जपानच्या फायटिंग हाराडाने, हाराडाकडून १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल रोझने आणि रोझकडून १९६९ मध्ये मेक्सिकोच्या रुबेन ऑलिव्हारेसने विजेतेपद घेतले. प्रत्येक वेळी ते रिंगमध्येच हस्तांतरित झाले; मध्ये कोणतीही रिकामी जागा नाही. जोफ्रे आपल्या दीर्घ कारकिर्दीत फक्त हाराडाकडून हरला, तोही दोनदा. रोझ हा ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींमधून आलेला पहिला जागतिक विजेता.

पुढे एकाच गटात चार संस्थांचे चार पट्टे झाले आणि विजेता नेमका कोण, हा १८९० चा प्रश्न नव्या रूपात परतला. जपानच्या नाओया इनोउएने १३ डिसेंबर २०२२ रोजी टोकियोत इंग्लंडच्या पॉल बटलरला अकराव्या फेरीत बाद करून चारही पट्टे एकत्र आणले. या गटात हे प्रथमच घडले. महिन्याभरातच त्याने ते सोडले व तो वरच्या गटात गेला. २०२४ च्या मे महिन्यात चारही पट्टे पुन्हा जपान्यांकडेच होते, पण चार वेगवेगळ्या जपान्यांकडे.

मुंबई व भारत : भारतातील संघटित मुष्टियुद्धाची सुरुवात मुंबई इलाख्यात १९२५ मध्ये स्थापन झालेल्या हौशी मुष्टियुद्ध महासंघापासून धरतात. देशाची राष्ट्रीय संघटना १९४९ मध्ये झाली आणि पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. क्रिकेटचे म्हणून ओळखले जाणारे हे मैदान भारतीय मुष्टियुद्धाचेही पहिले राष्ट्रीय व्यासपीठ आहे, याची नोंद मुंबईकरांनी ठेवायला हवी. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बाबूलाल याने बँटमवेट गटात पाकिस्तानच्या ॲलन माँटेरोला हरवले होते. मुष्टियुद्धातील भारताचा तो पहिला ऑलिंपिक विजय.

व्यावसायिक बँटमवेटचे जागतिक विजेतेपद भारतीय पुरुषाने अद्याप जिंकलेले नाही. हौशी गटात मात्र अखिल कुमारने २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर शिवा थापाने २०१५ च्या दोहा जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अखिलने तत्कालीन जगज्जेत्या सर्गेई वोदोप्यानोवला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. याच अखिलने ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये व्यावसायिक पदार्पण केले व ते जिंकले. त्या रात्रीची मुख्य लढत विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतीअली यांच्यात, सुपर मिडलवेट गटात होती. अखिल तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि बँटमवेट त्याने केव्हाच मागे सोडले होते.