निसर्गदृश्याचे टपाल तिकीट : प्रस्ताव, कागदपत्रे आणि मंजुरी

एखादा धबधबा, कडा किंवा सरोवर तिकिटावर यावे असे वाटत असेल, तर तसा प्रस्ताव भारतात आणि अमेरिकेत सामान्य नागरिकही पाठवू शकतो. त्यासाठी चित्रकार असायची गरज नाही. आपण विषय सुचवायचा. चित्र कोणाकडून करून घ्यायचे ते टपाल खाते बघते.

मुदतीकडे मात्र लक्ष द्या. भारतात प्रस्ताव किमान २ वर्षे आधी द्यावा लागतो, अमेरिकेत ३ वर्षे. अभयारण्याची शताब्दी तोंडावर आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

अर्जात विषयाचे राष्ट्रीय महत्त्व थोडक्यात मांडा आणि औचित्य असेल तर तारखेचा पुरावा जोडा. छायाचित्र दिलेत तर छायाचित्रकाराची लेखी परवानगी हवीच. माझ्या मते सर्वात मोलाचा कागद वेगळाच आहे : ठिकाणाचे नेमके नाव, प्रांत, आणि दृश्य कुठे उभे राहून, कोणत्या दिशेला दिसते याची नोंद. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनच्या ६० सेंटच्या तिकिटावर आधी ‘कोलोरॅडो’ असे छापले गेले. ही दरी आहे अॅरिझोना राज्यात. कोलोरॅडो हे तिच्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव. छापलेली सुमारे १० कोटी तिकिटे नष्ट करावी लागली. दुरुस्त तिकीट २००० च्या जानेवारीत निघाले, तेव्हा लक्षात आले की चित्रच आरशातल्यासारखे उलटे छापले आहे! चेहरा उलटा झाला तर कोणीही ओळखेल, डोंगररांग उलटी झालेली तिथला माणूसच ओळखतो. म्हणून ही नोंद तुम्हीच द्या.

मंजुरीचा मार्ग सरळ आहे. अमेरिकेत १९५७ पासून नागरिकांची सल्लागार समिती शिफारस करते आणि पोस्टमास्टर जनरल निर्णय घेतात. भारतातही सल्लागार समिती आहे; अंतिम मान्यता दळणवळण मंत्र्यांची.

चित्राला आंतरराष्ट्रीय टपाल संघाचे नियम लागू होतात. देशाचे नाव रोमन लिपीत हवे आणि किंमत अंकांत किंवा तिच्याऐवजी ठरलेले अक्षर वा चिन्ह. नावाची सूट फक्त ब्रिटनला आहे. तिथे राजा किंवा राणीचा चेहरा पुरतो. निसर्गचित्रात हा मजकूर बहुधा आकाशावर येतो, म्हणून वर मोकळी जागा असलेले छायाचित्र निवडा. पाठवण्याआधी ते ३-४ सेंटीमीटर रुंदीत छापून बघा. धबधब्याची धार तेवढ्यातही ठळक दिसली तर ठीक, नाहीतर जवळून टिपलेले दुसरे जोडा.