फेरोक्रोम
लोखंड व क्रोमियम यांची मिश्रधातू. क्रोमाइट या खनिजाचे कार्बनाने क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन, ती तयार करतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत लग्नात आलेले, नाव घातलेले स्टीलचे डबे फडताळभर असतात. ते गंजत नाहीत ते पोलादात घातलेल्या फेरोक्रोममधल्या क्रोमियममुळे. स्टेनलेस स्टीलमध्ये ते किमान १०.५ टक्के लागते. बडोद्याला क्रोमाइटची खाण नाही. भारतातले बहुतेक क्रोमाइट ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात निघते. बडोद्याचा संबंध शिक्षणापुरता: सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८९० साली निघालेले कलाभवन पुढे विद्यापीठाची तंत्रशास्त्र शाखा झाले आणि तिथे धातुशास्त्र शिकवले जाते.

सुकिंद्याचे खनिज बरेचसे भुसभुशीत. ते तसेच भट्टीत लोटले तर वायूची वाट बुजते आणि माल उसळतो. म्हणून भुकटीत चुना व साखर कारखान्यातली मळी कालवून तिचे गोळे दाबतात. (भट्टीतल्या स्लॅगला, म्हणजे वितळलेल्या टाकाऊ भागालाही, मराठीत मळीच म्हणतात, घोटाळा नको म्हणून इथे तिला धातुमळी म्हटले आहे.) त्यात कोक आणि गारेचे खडे मिसळून माल विद्युत् भट्टीत जातो. वीज आत नेणारी जाडजूड कार्बनी विद्युदग्रे (इलेक्ट्रोड) त्या मालातच रुतलेली असतात. लोहाचे ऑक्साइड लवकर सुटते. क्रोमियमचे हट्टी, शुद्ध धातू हवी तर सुमारे १,२५० अंश सेल्सियसच्या वरच नमते. कार्बन ऑक्सिजन घेऊन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने निघून जातो, त्यामुळे क्रिया मागे फिरत नाही. टनाला तीन-चार हजार युनिट वीज लागते. भट्टीचे भोक फोडले की रस ओघळतो, हलकी धातुमळी वर तरंगते. थिजलेली लादी घणाच्या घावाने फुटते. भंग रुपेरी, चकचकीत.

हा ठिसूळपणा कार्बनाचा. क्रोमियमला कार्बनाची ओढ फार, त्यामुळे सहा ते आठ टक्के कार्बन धातूतच मुरतो, कार्बाइड बनून. भांड्यांच्या १८-८ स्टीलला (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) मात्र ०.०८ टक्क्यांपलीकडे तो चालत नाही. नुसता ऑक्सिजन फुंकून जाळावा तर क्रोमियमही जळते. म्हणून पूर्वी सिलिकॉनने क्षपण केलेले महागडे, कमी कार्बनी फेरोक्रोम वापरावे लागे. १९६० च्या दशकाअखेरीस ऑक्सिजनबरोबर आरगॉन हा निष्क्रिय वायू फुंकण्याची पद्धत कारखान्यांत आली. आरगॉनमुळे कार्बन मोनॉक्साइड विरळ होतो. कार्बन जातो, क्रोमियम बचावते. आता स्वस्त, कार्बनी मालच घालतात, आणि महागडा शेवटी प्रमाण जुळवण्यापुरता.